माणिकातल्या गोल रेघा

प्रकाश खोटं बोलत नाही. हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं, दर जूनमध्ये, बारावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची, एखादा चुणचुणीत पोरगा त्याखाली लाल शाईची रेघ मारायचा. प्रकाशाबद्दल माझं मत अजूनही बदललेलं नाही. तो खोटं बोलत नाही. विचारलं तेवढंच सांगतो, इतकंच. आणि विचारणारी एकोणीस वर्षांची असली, की ती तेवढ्या उत्तरावर उठून बाजारात जाते.

आमचं घर जालन्यात सराफ्याच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढं ओटा आणि भिंतीपलीकडं सोनारांच्या हातोड्या. सकाळी नऊला त्या सुरू व्हायच्या. कुणाची हातोडी कुठली हे अम्मी भाकरी थापता थापता ओळखायची. ‘आज दत्तू का हात भारी चल रहा, घर में झगडा हुआ दिखता,’ असं म्हणायची आणि ते बहुतेक खरं निघायचं. या दत्तूभाऊ सोनारांच्या पेढीच्या पायरीला लागून माझ्या वडिलांची, अब्बांची, लाकडी पेटी असायची. तेच आमचं दुकान. पेटीत नऊ कप्पे, कप्प्यांत पांढऱ्या कागदाच्या पुड्या, पुड्यांत खडे. ज्योतिष्यानं पत्रिकेत शनी दाखवला की गिऱ्हाईक नीलमासाठी आमच्याकडं यायचं, मंगळ दाखवला की पोवळ्यासाठी. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं येणारे कारकून असत, खेड्यांतून बाजाराला आलेले लोक असत. ग्रह ज्योतिष्याचे, खडे आमचे आणि नशीब गिऱ्हाइकाचं, अशी सरळ वाटणी होती. अब्बा पाच वेळचे नमाजी. शनीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ‘सितारे क्या करते बेटा,’ ते म्हणायचे, ‘आदमी कू पकडने कू कुछ होना. मगर जो पकडेगा वो असल होना.’

संध्याकाळी ते ओट्यावर पांढरं फडकं पसरून खडे निवडत बसायचे आणि उंबऱ्याच्या आत अम्मी सुपात तूरडाळ घेऊन बसायची. दोघांच्या मध्ये मी, पदार्थविज्ञानाचं पुस्तक घेऊन. चुलीवर खट्टी दाल रटरटत असायची, तिच्यात लसणाचा बघार पडला की गल्लीच्या तोंडापर्यंत कळायचं. ‘बाप अच्छे कंकर ढूंढता, मैं बुरे,’ अम्मी म्हणायची, ‘पेट किसके कंकर से भरता, वो पूछो.’ अब्बा वर बघायचे नाहीत. दागिन्यांच्या गल्लीत राहून अम्मीच्या बोटात कधी खडा नव्हता. कणीक मळताना अडकतो, असं तिचं म्हणणं.

अब्बांचा खरा मान विक्रीत नव्हता, नजरेत होता. सराफ्यात एक रिवाज होता. देवाच्या किंवा पीराच्या कामाला जाणारा खडा कोंदणात बसवायच्या आधी अब्बांना दाखवायचा. सकाळच्या उजेडात, उत्तरेकडं तोंड करून, पाच माणसांसमोर. ते खडा पाण्याच्या बशीत टाकायचे, भिंग लावायचे, बशी हळूहळू फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे, असल किंवा नकल. त्याचं काही घ्यायचे नाहीत. कारण कुणी विचारायचं नाही आणि ते सांगायचे नाहीत. लोकांना हे फार भारी वाटायचं. मला आता वाटतं, त्यात थोडी ऐटही होती. एका शब्दावर थांबणाऱ्या माणसाला आपण शहाणा समजतो. तो शहाणा असतोही, पण शहाणपण दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली की त्याच्याकडं शब्दच उरत नाहीत.

मला ती नजर हवी होती. भिंगाला हात लावू देत नसत. ‘पहले खाली आँख,’ म्हणायचे. चौदाव्या वर्षी ऐकलं, अठराव्या वर्षीही तेच. खाली आँखीनं, म्हणजे नुसत्या डोळ्यानं, मी गोमेद आणि पुष्कराज सांगू शकत होते, त्यापुढं गाडी जात नव्हती. अशात माझ्या हैदराबादच्या मामूनं एका पार्सलात अम्मीसाठी लोणचं आणि माझ्यासाठी एक पितळी नळी पाठवली. बोटाएवढी लांब, एका टोकाला बारीक फट, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात तिला वर्णपटदर्शक म्हणत, प्रयोगशाळेच्या कपाटावर स्पेक्ट्रोस्कोप अशी चिठ्ठी होती, आणि अब्बांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव नली ठेवलं. मामूनं लिहिलं होतं, ‘मुझसे तो कुछ दिखा नहीं, शाहीन पढी-लिखी है, देख लेगी.’ सोबत इंग्रजीत छापलेली छोटी पुस्तिका होती. तिच्यात रंगीत पट्टे होते. कोणत्या खड्याच्या पट्ट्यात काळ्या रेघा कुठं पडतात त्याची चित्रं. चित्रं मी एका दुपारीत पाठ केली. मजकूर नंतर वाचू म्हटलं.

हे कसं चालतं ते सांगणं अवघड नाही. खड्याच्या मागून टॉर्चचा उजेड पाडायचा, पलीकडून नळीतून बघायचं. आत इंद्रधनुष्याची आडवी पट्टी दिसते. दगड आपल्या स्वभावाप्रमाणे त्यातले काही रंग गिळून टाकतो, तिथं काळ्या रेघा पडतात. आमच्याकडं तांबडा खडा घेऊन येणारा प्रत्येक जण माणिक म्हणूनच आणायचा. नळीत बघितलं की एक काच निघायची, एक तामडा, म्हणजे स्वस्तातला गार्नेट. तामड्याला हिरव्या-पिवळ्यात तीन जाड काळे पट्टे, काचेला नुसता धुरकट डाग. आणि खरं माणिक असलं तर तांबड्याच्या अगदी टोकाला एक बारीक रेघ उलटी झळकते, काळी न पडता निखाऱ्यासारखी पेटते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ओट्यावरून ओरडले होते. अम्मी विंचू निघाला म्हणून चप्पल घेऊन आली.

मग माझा खेळ सुरू झाला. अब्बा दुपारी जेवायला आले की मी त्यांच्या पुड्या उघडायची आणि त्यांनी सकाळी दिलेला निकाल नळीनं तपासायची. आठवडे गेले, एकदाही ते चुकले नाहीत. यातून कुणीही असा निष्कर्ष काढला असता की अब्बांची नजर पक्की आहे. मी काढला तो असा, की नळी पक्की आहे. अब्बांनाही कौतुकच होतं. पेढीवर सांगायचे, ‘मुन्नी के पास नली है, अंदर का कलेजा दिखाती.’ दत्तूभाऊ माझ्याकडं बघून म्हणायचे, ‘चाचा, मंग तुमी आता घरी बसा, पोरीला बसवा पेटीवर.’ सगळे हसायचे, अब्बा सगळ्यांत मोठ्यानं. त्या हसण्याचं पुढं काय होणार होतं, ते तेव्हा त्या पायरीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची, पायरी उतरताना पाय चाचपडायचा. सराफ्यात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी बोललं नव्हतं, कारण अजून बोलायचं काम पडलं नव्हतं.

ते काम शेठनी आणलं. बियाण्यांचे मोठे व्यापारी. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता बऱ्याच इमारतींवर आहे, इथं आणखी नको. केदारखेड्याच्या पुढं त्यांचं मूळ गाव, तिथल्या देवीला त्यांनी मुकुट बोलला होता. मुकुट दत्तूभाऊंनी घडवला होता, कपाळावर मधोमध कोंदण रिकामं ठेवलं होतं. त्यात बसायचा खडा शेठनी मुंबईच्या एका दलालाकडून आणला होता. रंगूनच्या जुन्या घराण्यातला, असं दलालानं सांगितलं होतं. दलाल सांगतात तेव्हा घराणं जुनंच असतं. आठवड्याभरावर मिरवणूक होती, बँड ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. खडा कबुतराच्या रक्तासारखा लाल, हरभऱ्याएवढा, आत एक ठिपका नाही. रिवाज म्हणून सकाळी अब्बांपुढं आणला. शेठ, त्यांचे दोन पाहुणे, दत्तूभाऊ आणि शेजारचे एक सराफ, अशी पाच माणसं जमली. कॉलेजला जाता जाता मी पायरीशी थांबले होते.

अब्बांनी बशीत पाणी घेतलं. खडा टाकला. भिंग लावून बशी फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. मग खडा फडक्यानं पुसून शेठच्या हातावर ठेवला.

‘नकल.’

शेठ हसले. ‘चाचा, नीट बघा एकदा. रंगूनचा हाय.’

अब्बा फडक्याची घडी घालू लागले. एका शब्दानंतर दुसरा बोलायचा रिवाज नव्हता.

‘न्हाई, म्हंजे तुमाला दिसून राह्यलं का बराबर?’ शेठ म्हणाले. ‘परवा चहा माझ्या धोतरावर सांडला तुमी. मी काई बोल्लो का? पण हे देवीचं काम हाय. डोळ्यात फूल पडलं तर माणसानं कबूल करावं.’

पाहुणे खाली बघू लागले. दत्तूभाऊ म्हणाले, ‘शेठ, चाचानं आजवर...’ आणि तिथंच थांबले. मुकुट त्यांनी घडवला होता. घडणावळ शेठकडून यायची होती.

आता इथं मी स्वतःला बरी दाखवू शकते. वडिलांना चारचौघांत आंधळं म्हटलं म्हणून माझं रक्त उसळलं आणि मी पुढं झाले, असं लिहिता येईल. बहुतेक लिहिणारे लिहितात. खरं असं, की मलाही वाटलं ते चुकले. तो रंग, ती सफाई बघून वाटलं, की डोळ्यानं दगा दिला. आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटेल इतक्या जल्दी, हेही वाटलं, की आज भिंगाची गरज नाही. दप्तरात नळी होती. शेठनीच हाक मारली, ‘ए पोरी, तुझ्याजवळ मशीन हाय म्हंतेत ना? बघ बरं.’ अब्बांनी माझ्याकडं बघितलं. नको म्हणाले नाहीत. मी टॉर्च लावला, खडा धरला, डोळा लावला. निखाऱ्याची रेघ इतकी लखलखीत मी त्याआधी पाहिली नव्हती. निळ्यातल्या बारीक काळ्या रेघा, हिरवा रंग सगळा गिळलेला, पुस्तिकेतल्या चित्राशी केसाचाही फरक नाही.

‘माणिकच आहे, अब्बा,’ मी म्हणाले. ‘शंभर टक्के.’

मग सगळ्यांना नळीतून बघायचं होतं. रांग लागली. पाहुण्यांना इंद्रधनुष्य दिसलं, शेजारच्या सराफांना काहीच दिसलं नाही, कारण त्यांनी नळी उलटी धरली होती, तरी ते ‘वा’ म्हणाले. शेठनी बराच वेळ बघितलं आणि डोळे पुसून म्हणाले, ‘देवी दिसली.’ दत्तूभाऊंनी खडा कोंदणासाठी घेतला. अब्बांनी बशीतलं पाणी पायरीवरून गटारात ओतलं. ‘लडकी पढी हुई है,’ ते म्हणाले, ‘उसकी मानो.’ खड्याच्या निकालावर एका शब्दाहून जास्त ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

मिरवणुकीच्या दिवशी गावात मंडप होता. मला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. विज्ञान आणि श्रद्धा यांचा संगम, असं एक पुढारी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, संगम माहीत होता. अब्बा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर त्यांच्याकडं खडे यायचे हळूहळू बंद झाले. कुणी अपमान केला नाही. ‘चाचा, बसा, चहा घ्या,’ म्हणायचे आणि खडा माझ्याकडं धाडायचे. मी कॉलेजहून आले की ओट्यावर दोन-तीन माणसं थांबलेली असायची. नळीवाली मॅडम, असं माझं नाव पडलं होतं. तांबडा खडा आला की मी नळी लावायची, निखारा पेटला की ‘असल’ म्हणायची. एकच शब्द. मलाही जमायला लागलं होतं. अम्मी तेव्हा सुपातून मान वर करायची नाही. एकदा फक्त म्हणाली, ‘घर में एक नजर काफी थी. दूसरी, नली की, नक्को थी.’

हिवाळ्यात एका शिबिरात अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी, त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. पेटीच्या तळातून एक पुडी काढली. आत तांबडा खडा होता, शेठच्या खड्याचा भाऊ शोभेल असा. बशीत पाणी घेतलं, खडा टाकला आणि भिंग माझ्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा.

‘क्या दिखता?’

बराच वेळ काही दिसलं नाही. मग बशी हलली आणि दिसलं. अगदी पुसट, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, एकाशेजारी एक.

‘लकीरां हैं.’

‘सीधी के गोल?’

‘गोल.’

‘कुदरत सीधी लकीर खींचती, बेटा,’ ते म्हणाले. ‘जमीन के अंदर पत्थर बैठ-बैठ के बनता, कोने पकड के. भट्टी में टपक-टपक के बनता तो गोल होता. गोल दिखी तो समझना, आदमी का काम है.’

मी उठून नळी आणली. टॉर्च लावला. निखारा पेटला. तोच, तितकाच लखलखीत. आत गेले आणि ट्रंकेतून पुस्तिका काढली. माणिकाच्या पानावर, चित्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, की खाणीतलं माणिक आणि भट्टीतलं माणिक यांचा वर्णपट एकसारखाच असतो, फरक करायचा तर भिंग वापरावं. दोन्ही माणिकच. एकच द्रव्य, एकच रंग, एकच रेघ. मी शेठसमोर जे म्हणाले होते ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पण शेठनी, देवीनं, बाजारानं विचारलेला सवाल तो नव्हताच.

‘उस दिन बोले क्यूं नहीं?’ मी अब्बांना विचारलं.

‘बोला ना. नकल बोला.’

‘वजह क्यूं नहीं बोले?’

‘पूछा कौन?’ ते म्हणाले.

हे उत्तर मला अजून पचलेलं नाही. त्यातला निम्मा राग त्यांच्यावर आहे. पोरीनं भर बाजारात पाण्यात उडी टाकली आणि हे काठावर रिवाज सांभाळत बसले. पण उरलेला निम्मा कुठं ठेवावा ते मला नीट माहीत आहे. मोतीबिंदू उजव्या डोळ्यात होता. भिंग ते आयुष्यभर डाव्या डोळ्याला लावत आले. शेठला हे माहीत नसेल, पाहुण्यांना तर नसेलच. मी एकोणीस वर्षं त्यांच्यासमोर बसून ते पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या दुकानी गेले. बियाण्यांच्या पोत्यांमधून आत जाऊन उभ्यानंच सांगितलं, की माझी चूक झाली, खडा भट्टीतला आहे, अब्बा बरोबर होते. शेठनी शांतपणे ऐकलं.

‘आता देवीच्या माथ्यावर चढला ना तो?’ ते म्हणाले. ‘मंग तो असलच झाला. अन् तूच सांगितल्तं ना, शंभर टक्के? आता मीच गावाला जाऊन सांगू, का पोरगी चुकली, देवीच्या माथ्यावर काच हाय?’

‘काच नाही. माणिकच आहे, पण...’

‘बघ,’ शेठ म्हणाले. ‘तूच म्हंती.’ आणि नोकराला सांगून त्यांनी माझ्यासोबत मोसंबीची एक टोपली दिली.

दत्तूभाऊंनाही सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली. ‘पोरी, चाचाचा शब्द गेला,’ ते म्हणाले. ‘तुझा राह्यला. आता तू बी म्हणशील चुकले, तर तुमच्या घरात शब्दच राह्यचा न्हाई. गप बस.’ मी गप्प बसले. पाच माणसांसमोर पायरीवर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. तांबडे खडे बघणं बंद केलं, अभ्यास आहे म्हणाले. लोकांना ते पटलं. मोसंबी आम्ही खाल्ली. गोड होती.

अब्बा आणखी बरीच वर्षं रोज सकाळी पेटी घेऊन पायरीवर बसत. पोवळी विकत, मोती विकत. चाचांची नजर गेली, असं सराफ्यात नवीन पोरांना सांगितलं जाई, आदरानं. ऑपरेशननंतर त्यांना दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं. ते गेले तेव्हाही बाजाराच्या लेखी नजर गेलेलीच होती. भिंग माझ्याकडं आहे. आता खड्यासोबत प्लास्टिकचं कार्ड मिळतं, त्यावर शिक्का असतो, आणि लोक खडा न बघता कार्ड बघतात. कुणी मला विचारलं तर मी कारण सांगते, सविस्तर सांगते. आता कुणी विचारत नाही.

मागल्या वर्षी भोकरदनला एका लग्नाला गेले होते, येताना गाडी त्या गावात थांबवली. मुकुट जाळीच्या आत आहे, खडा अजून लखलखतो. भट्टीतल्या माणिकाला झीज नाही. मंडपाच्या खांबावर मिरवणुकीच्या वर्षीची संगमरवरी पाटी आहे. वर शेठचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं, मग दत्तूभाऊंचं. सगळ्यात खाली कोरलं आहे: ‘वैज्ञानिक रत्नपरीक्षा, कु. शाहीन नगीनेवाले, बी.एस्सी.’ बी.एस्सी. मी पुढं दोन वर्षांनी झाले. मिरवणुकीच्या वर्षी माझा एक पेपर राहिला होता. प्रकाशशास्त्राचा.